पुणे–मेळघाट, मार्गे आई

मोटारसायकलवरून एकट्याने लांबच्या प्रवासाला जायचं असेल, तर आधी वीस-पंचवीस माणसांना विचारावं लागतं. ही गोष्ट एकट्याने फिरणाऱ्यांच्या एकाही वेबसाइटवर लिहिलेली नाही. चेनला तेल घाला, जादा प्लग ठेवा, पाणी भरपूर प्या, असल्या किरकोळ सूचना तिथे असतात. त्या लोकांना बहुधा आई नसावी. असली तरी ती फ्रिजवर चिकटवलेले कागद वाचत नसावी.

खरं सांगायचं तर मला मोटारसायकलवरून कुठेच जायचं नव्हतं. मला अमेरिकेला जायचं होतं.

ही गोष्ट दोन हजार सातच्या फेब्रुवारीतली. हिंजवडीच्या ज्या कंपनीत मी नोकरी करत होतो, तिला नॉर्थ डाकोटा नावाच्या ठिकाणी एक माणूस दोन वर्षांसाठी पाठवायचा होता. तिथे सहा महिने बर्फ असतो आणि उरलेले सहा महिने लोक बर्फ उपसायची फावडी दुरुस्त करतात, असं ऐकून टीममधल्या चौघांना अचानक पाठीचे विकार झाले. राहिलो मी. एक मार्चपर्यंत होकार कळवायचा होता. माझा होकार तयारच होता. घरचा घ्यायचा होता.

आई पोळ्या लाटत होती. मी विषय काढला.

"कोण कोण जाणार?" तिने विचारलं.

"मी."

"आणि?"

"आणि कोणी नाही. एकटाच."

आईचं लाटणं थांबलं. "तू?" ती म्हणाली. त्या एका अक्षरात माझं सव्वीस वर्षांचं चरित्र आलं.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

"काही नाही रे बापा. गीझरमधलं पाणी तापलं का, हे तू मला विचारतोस. गीझर तुझ्या डोक्यावर असतो आणि मी स्वयंपाकघरात."

मी विषय जागतिकीकरणावर नेला. आईने पोळी उलटली. घरात आईचा नकार हा असा असतो. त्यात आवाज नसतो, फक्त पोळी उलटते.

शेवटी मार्ग बाबांनी काढला. माझे वडील, दशरथ तायडे, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. खातं सुटलं, पण फाइल सुटली नाही. घरात दुधवाला बदलायचा तरी ते आधी टिपणी लिहितात. त्यांनी सुचवलं की हा एकटा राहू शकतो की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा प्रात्यक्षिक घ्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली मला कागद मिळाला.

'विषय : एकट्याने प्रवास करून दाखवण्याबाबत. अर्जदार श्री. प्र. द. तायडे यांनी स्वतःच्या वाहनाने दूरच्या व दुर्गम भागात जाऊन यावे. सोबत कोणासही नेऊ नये. वाटेत नातेवाइकांकडे उतरू नये, जेवू नये, पाणीही पिऊ नये. अर्जदार सुखरूप परतल्यास परदेशगमनाबाबत सौ. मालनबाई तायडे यांचा निर्णय अंतिम राहील.'

म्हणजे परीक्षा मी द्यायची, पेपर बाबांनी काढायचा आणि निकाल आईने लावायचा. तरी मी सही केली. डाकोटाला जायचा रस्ता आता आमच्या पार्किंगमधून जात होता.

दुर्गम भाग कोणता, हा प्रश्न आला. बाबांनी महाराष्ट्राचा नकाशा पसरला आणि जिथे जिथे आपलं कोणी आहे तिथे पेन्सिलीने गोल काढले. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बाबांना चार बहिणी, आईला पाच भाऊ, शिवाय खात्यात बदल्या होऊन जोडलेली माणसं. अर्ध्या तासात नकाशाला कांजिण्या आल्या. गोल नसलेला सलग प्रदेश दोनच ठिकाणी उरला : मेळघाट आणि अरबी समुद्र. मोटारसायकलचा विचार करून मेळघाट ठरला. त्यातही अगदी आत, सागाच्या जंगलात, कुंडीढाणा नावाचं बावीस घरांचं गाव. जाऊन येऊन सुमारे चौदाशे किलोमीटर.

मोटारसायकल मी ऑफिसातल्या एकाकडून जुनी घेतली. तोही परदेशीच निघाला होता, त्यामुळे तिला या कामाचा अनुभव होता.

रजेचं प्रकरण मात्र चिघळलं. रजेच्या सिस्टिममध्ये कारणं चारच होती : लग्न, आजारपण, मृत्यू आणि इतर. मी 'इतर' निवडून 'एकट्याने प्रवास' असं लिहिलं. माझे मॅनेजर दत्तप्रसाद यांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं.

"एकटाच जाणार? मग बॅकअप कोण?"

"कशाचा बॅकअप, सर?"

"तुझा. समजा वाघाने खाल्लं, तर सोमवारचा रिपोर्ट कोण पाठवणार?"

मी म्हणालो, "सर, वाघ आठवड्यातून एकदाच खातो." हे उत्तर त्यांना पटलं नाही, पण त्यात आकडा असल्यामुळे त्यांनी ते लिहून घेतलं. प्रवासाचा प्लॅन मात्र त्यांनी मागितला. मी एक्सेलमध्ये पाच दिवसांचं शीट केलं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटी : नगर ११.३० चहा, औरंगाबाद मुक्काम, मेहकर मुक्काम, अकोला दुपारचं जेवण, परतवाडा दोन मुक्काम, पाचव्या दिवशी कुंडीढाणा. सातशे किलोमीटरला पाच दिवस कसे लागतात, असं काही लोक विचारतील. त्यांनी आधी माझी मोटारसायकल पाहावी. या शीटची एक प्रत दत्तप्रसादना दिली आणि दुसरी घरी फ्रिजवर लावली. सुशिक्षित माणसाचा घात त्याच्या प्रिंटआउटमुळे होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

निघायच्या दिवशी पहाटे सामान बांधत होतो. तंबू, स्टोव्ह, दोरखंड, दोन कंदील. दुसऱ्या मजल्यावरच्या जयाकाकूंनी ऊन बाधू नये म्हणून खिशात ठेवायला कांदा दिला. फेब्रुवारी आहे म्हणालो, तर म्हणाल्या, "तू पोचेपर्यंत मे उजाडेल." तळमजल्यावरचे गोपाळकृष्ण कुंटे काका हात मागे बांधून पाहत होते. पन्नास वर्षं शनिवार पेठेत काढून ते दहा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत आले आहेत. मनाने अजून यायचे आहेत. आमच्या बिबवेवाडीला ते 'बाहेरगाव' म्हणतात.

"कुठे निघालात आपण?"

"मेळघाट."

"काय असतं तिथे?"

"जंगल. वाघ."

"कळवलंय का त्यांना?"

"कोणाला?"

"वाघांना. नाही, आयत्या वेळी एवढं सामान घेऊन कोणी आलं की यजमानांची गैरसोय होते."

मी किक मारली. पाचव्या किकेला गाडी सुरू झाली. आई गॅलरीत उभी होती. तिने हात हलवला नाही. ती काहीतरी हिशोब करत असल्यासारखी फ्रिजच्या दिशेने बघत होती.

नगरला बरोबर साडेअकराला पोचलो. एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर हेल्मेट काढून ठेवलं, चहा सांगितला आणि टपरीवाल्याने न विचारताच मी कुठून आलो, कुठे चाललो, एकटाच कसा, हे त्याला सांगायला घेतलं. "माणसाला एकदा तरी सगळी बंधनं तोडून–" असं मी म्हणत होतो. एवढ्यात स्टँडवरचा लाउडस्पीकर खरखरला.

"पुण्याहून मोटारसायकलवर एकटेच निघालेले श्री. प्रज्ञेश दशरथ तायडे. प्रज्ञेश दशरथ तायडे. आपल्या आईने पाठवलेला डबा चौकशी खिडकीवर आलेला आहे. तायडे, जिथे असाल तिथून यावे. दशम्या आहेत."

स्टँडवरचे दीड-दोनशे लोक एकटा माणूस कुठे दिसतो का, ते बघायला लागले. टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं आणि म्हणाला, "जा. गार होतील."

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. पोरगं शिकायला तालुक्याला असलं की आई सकाळी एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा देते, पोरगं स्टँडवरून उचलतं आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जातो. असे डबे खाऊन तलाठी, मास्तर, कलेक्टरसुद्धा झालेले आहेत. पण त्यांतला एकही एकट्याने साहसी प्रवासाला निघालेला नव्हता. आई पहाटे मला निरोप देऊन रिक्षाने थेट शिवाजीनगर स्टँडला गेली होती. मी वाटेतल्या दुकानांत सुटे प्लग शोधत असताना डबा माझ्यापुढे गेला होता.

मी डबा उघडला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. बाबांना फोन लावला.

"बाबा, हे नियमात बसत नाही. ही मदत झाली."

"थांब. वाचतो." कागदाचा आवाज आला. मागून आईचा आवाज : "त्याला सांगा, डबा मदत नसते. डबा डबा असतो."

बाबांनी कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी निर्णय दिला. "कागदात नातेवाइकांकडे जेवू नये, असं आहे. नातेवाइकांचं जेवू नये, असं नाही. डबा स्वीकारण्यास हरकत नाही. मात्र रिकामा डबा त्याच दिवशी परत पाठवण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील. घरात डबे दोनच आहेत."

इथे प्रवासाचं स्वरूप बदललं. माझं एक्सेल शीट एका बाजूला आणि एसटीचं वेळापत्रक एका बाजूला, आणि त्यांच्यात दोन डबे फिरणार : आईचा तीन पुडांचा स्टीलचा आणि बाबांचा ऑफिसचा ॲल्युमिनियमचा. एक माझ्याकडे येत असताना दुसरा घराकडे निघालेला हवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी उपास. जगातला पहिला एकटा मोटारसायकलस्वार मी असेन, ज्याला सूर्यास्ताच्या आत विशिष्ट स्टँडवर पोचणं भाग होतं. डोंगर, दऱ्या, मावळता सूर्य, यांतलं मी काही पाहिलं नाही. मी पाट्या पाहिल्या : 'बस स्थानक ३ कि.मी.'

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या पुढे चेन उतरली. यात गाडीची काही चूक नव्हती. चेनला तेल घालायचं तर मी ते एवढं घातलं होतं की तिला कशालाच धरवेना. मी रस्त्याच्या कडेला हात काळे करून बसलो होतो. पुण्याहून येणारी एसटी माझ्याजवळ येऊन हळू झाली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"तायडे का?"

"हो."

"डबा मेहकरला ठिवतो. चटणी सांडंल, हळू उघडा." आणि गाडी निघून गेली. खिडक्यांतून चाळीस-एक चेहरे माझ्याकडे हळहळून पाहत होते. त्या सगळ्यांना माझा मेनू माहीत होता.

मेहकरला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. डबा खाल्ला, धुतला आणि परत पाठवायला फलाटावर गेलो. 'पुणे' अशी पाटी असलेली गाडी उभी होती. कंडक्टरच्या हातात डबा दिला, घरी फोन केला, गाडीचा नंबर सांगितला. एक काम पूर्णपणे स्वतः केल्याचं समाधान वाटलं. सकाळी बाबांचा फोन आला.

"शिवाजीनगरला साडेपाचपासून उभा आहे. त्या नंबरची गाडी आलेली नाही."

मी चौकशी खिडकीवर विचारलं. ती गाडी पुण्याला चाललेली नव्हती. ती पुण्याहून आलेली होती. माझा डबा रातोरात नागपूरला पोचला होता.

"जावक आहे, आवक नाही," बाबा म्हणाले. हेडक्लार्क माणसाच्या तोंडून इतकं दुःखी वाक्य मी ऐकलेलं नव्हतं. मागून आईने विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "डबा फिरतीवर गेला." मग आई म्हणाली, आणि हे तिने फोनपासून लांब जाऊनही मला ऐकू येईल असं म्हटलं, "याला अमेरिकेला पाठवायचं. विमानाची पाटी वाचून कुठं बसेल हा!"

मी अकोल्याकडे गाडी हाकली. आता मान सांभाळायची होती आणि उरलेला एक डबाही. अकोल्यात माझी सगळ्यांत मोठी आत्या राहते. अकोल्यात जाऊन आत्याकडे न जाणं, हे मेळघाटात वाघ पाहण्यापेक्षा अवघड काम आहे. मी हेल्मेटची काच खाली ओढून, गल्ल्या टाळत स्टँडवर पोचलो. खिडकीत तोंड घातलं आणि म्हणालो, "तायडेंचा डबा."

खिडकीच्या आत रंगरावमामा बसले होते. हे आत्याचे यजमान. एसटीत आहेत हे मला माहीत होतं, पण त्यांची बदली खिडकीवर झाल्याचं माहीत नव्हतं.

"डबा घरी नेला हाये तुह्या आत्यानं," ते म्हणाले. "जेवाले चाल."

"मामा, मला चालत नाही. नियम आहे."

"कोनाचा नियम?"

"बाबांचा."

"दशरथचा? तो आमच्या घरी जेऊ नको म्हन्ते?" रंगरावमामांचा आवाज बदलला. मागे रांगेत उभा असलेला एक अनोळखी माणूस म्हणाला, "असं नाही करू, बावा." मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. अमेरिका, बर्फ, प्रात्यक्षिक. रंगरावमामांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजे डबा पायजे, पन आत्या नाही पायजे," ते म्हणाले. "डबा घरी हाये. घरी येशील त डबा भेटन."

डबा ओलीस होता. घरी गेलो तर नापास, नाही गेलो तर उपाशी. मी मोटारसायकलला किक मारली. या वेळी पहिल्याच किकेला सुरू झाली. तिलाही नातेवाइकांची भीती वाटत असावी. आता दोन्ही डबे गेले होते. एक नागपुरात, एक आत्याकडे. म्हणजे आईचा डबा यापुढे येणं अशक्य होतं. गणितानेच अशक्य होतं.

मी खरोखर एकटा झालो होतो.

त्या रात्री परतवाड्याच्या खाणावळीत जेवलो. पहिल्या घासाला कानांतून वाफ आली. आठ वाजता रोजच्यासारखा घरी फोन केला.

"आई कुठे आहे?"

"बाहेर," बाबा म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "साबुदाणा किती वेळ भिजवतात?"

"मला कसं माहीत?"

"मलाही नाही," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

चौथा दिवस परतवाड्यात गाडीला विश्रांती देण्यात गेला. पाचव्या दिवशी सकाळी जंगलाच्या नाक्यावर वनरक्षकाने रजिस्टर उघडलं. नाव, गाव, गाडीचा नंबर.

"संग कोन हाये?"

"कोणी नाही."

"काऊन? घरून भांडून आले काय जी?"

"नाही. एकटं राहून बघायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, दोन कंदिलांकडे पाहिलं, खिशातल्या कांद्याकडे पाहिलं आणि 'येण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं : 'काही नाही.' सरकारी कागदावर इतकं खरं मी प्रथमच वाचलं. "दिवस बुडाच्या आंदी गावात पोचा," तो म्हणाला. "रस्त्यात थांबू नका. अस्वल पुसत नाही, कोन हाये मनून."

पुढचे चाळीस किलोमीटर मी आयुष्यात विसरणार नाही. रस्त्यावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. सागाची थाळीएवढी वाळलेली पानं पडायची, तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. फोनमध्ये एकही काडी नव्हती. स्टँड नव्हता, खिडकी नव्हती, लाउडस्पीकर नव्हता. मी एका वळणावर गाडी बंद केली (अस्वलाचा विचार करून बंद करून लगेच चालू करून पाहिली, मग पुन्हा बंद केली) आणि नुसता बसून राहिलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, मी कुठे आहे हे फक्त मला माहीत होतं. छान वाटलं. खोटं कशाला बोला, फार छान वाटलं. असं सुमारे वीस मिनिटं वाटलं. मग भूक लागली.

कुंडीढाण्यात हॉटेल नव्हतं. एक दुकान होतं, त्यात तांदूळ, डाळ, मीठ, हळद आणि बिस्किटं. दुकानातल्या बाईला मी विचारलं, जेवण कुठे मिळेल. तिने तांदळाच्या पोत्याकडे बोट दाखवलं. माझा स्टोव्ह पेटेना, कारण त्यात घालायचं रॉकेल मी बिबवेवाडीत विसरलो होतो. तिने तीन दगड दाखवले, लाकडं दिली आणि एक पातेलं दिलं. मी खिचडी लावली. नऊ-दहा माणसं गोल करून बघायला बसली. एका आजीने तिथल्या कोरकू बोलीत मला काहीतरी सांगितलं. भाषा कळली नाही, पण सूर जयाकाकूंचाच होता. मी पाणी वाढवलं. आजीने मान हलवली. मी जाळ कमी केला. आजी उठून गेली.

खिचडी झाली. वरून कच्ची होती आणि खालून काळी होती, पण मधली जी दोन बोटं जाडीची खिचडी होती, ती खिचडीच होती. मी केलेली. मी तिचा फोटो काढला. निम्मी खाल्ली, निम्मी उद्यासाठी झाकून ठेवली.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला लांबून घरघर ऐकू आली. गावात दिवसातून एकच एसटी येते. रात्री मुक्काम करते आणि सकाळी जाते. सवयीने मी उठून उभा राहिलो, मग हसू आलं. डबा येणं शक्यच नव्हतं. डबेच नव्हते.

गाडी पिंपळाखाली थांबली. चार माणसं, दोन कोंबड्या आणि एक पोतं उतरलं. मग पायरीवर एक प्रेशर कुकर दिसला. शिट्टी काढून त्यावर फडकं बांधलेलं. कुकरच्या मागे आई होती.



"असा काय बघतोस?" आई म्हणाली. "डबे संपले घरातले. झाकणाचं एवढं एकच भांडं उरलं होतं."

"पण तू... बाबा?"

"ते कशाला? त्यांना तर प्रवासात ॲसिडिटी होते."

"एकटी आलीस?"

"ड्रायव्हर होता की."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आईने त्या दिवसापर्यंत स्वतःचं तिकीट स्वतः काढलेलं नव्हतं. कुठेही जायचं तर बाबा पुढे, तिकिटं बाबांच्या वरच्या खिशात, आई खिडकीशी. शिवाजीनगरला डबा द्यायला जायची, तेवढाच तिचा एकटीचा प्रवास. आता ती पिंपळाच्या पारावर कुकर मांडीवर घेऊन बसली होती, केस धुळीने पांढरे झाले होते आणि ती थांबतच नव्हती.

"अकोल्याला गाडी बदलली. तुझ्या आत्याकडे राहिले, तिची समजूत घातली. परतवाड्याला पुन्हा बदलली. बोर्ड वाचून. उलट्या गाडीत नाही बसले." ही शेवटची गोष्ट तिने दोनदा सांगितली. "परतवाड्याचा कंट्रोलर म्हणे, कुकर वर टपावर टाका. मी म्हटलं, बापा, तू जा टपावर."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. नगरपर्यंत वाटली. मग भूक लागली."

एवढ्यात कंडक्टर मशीन खांद्याला अडकवून आमच्याकडे आला. "मालनबाई तायडे तुमीच ना जी? पुन्याहून निरोप हाये. तिकडच्या ड्रायव्हरनं अकोल्याले सांगतला, त्यायनं परतवाड्याले, अन् आता निंगता निंगता मले." त्याने आठवून, एकेक शब्द जपून सांगितलं : "साहेब इचारते, कुकर सापडून नाही राह्यला."

आईने मांडीवरच्या कुकरकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कंडक्टरही हसला. गावातली आजी परत आली होती, तीही हसली.

"सांगा त्यांना," आई म्हणाली, "पातेल्यातही भात होतो."

मग तिचं लक्ष माझ्या झाकलेल्या पातेल्याकडे गेलं. "हे काय?"

"खिचडी. मी केलीय."

आईने झाकण काढलं. वास घेतला. दहावीच्या निकालाच्या दिवशी उभा होतो, तसा मी उभा राहिलो. तिने बोटाने वरची बाजूला केली, खालची बघितली, मधला घास तोंडात घातला. ती इतका वेळ चावत होती की कंडक्टर उत्सुकतेने थांबून राहिला.

"मीठ बरोबर आहे," आई म्हणाली. आणि पारावर मांडी घालून तिने ती सगळी खाल्ली. काळीसुद्धा. मी कुकरमधल्या दशम्या खाल्ल्या. होकाराचं विचारायचा धीर मला झाला नाही.

दुकानदारणीने आम्हाला ओसरी दिली. सकाळी साडेसहाला एसटी सुटायची होती. मी मोटारसायकलवरचा तंबू सोडून मागची सीट मोकळी केली.

"चल आई. मागे बस. परतवाड्यापर्यंत तरी."

"नको," आई म्हणाली. "तू एकटा आलास ना, एकटाच जा. मीसुद्धा एकटीच चालले." ती चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी बसली. कुकर शेजारच्या सीटवर ठेवला. ड्रायव्हरने गाडी चालू केली. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी सव्वीस तारीख होती, होकार कळवायला तीनच दिवस उरले होते.

"आई, मग ऑफिसात काय कळवू?"

तिने खिडकीच्या गजांवर हात ठेवला. जंगलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या त्या डाकोट्याला एसटी जाते का रे?"

"नाही."

"मुक्कामीसुद्धा नाही?"

"नाही, आई. मध्ये समुद्र आहे."

"नक्की?"

"नक्की."

आईने मोठा श्वास सोडला.

"मग जा बापा," ती म्हणाली. "जात असती, तर मला काही राहवलं नसतं."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली.